ज्या पत्र्यावर कुरडया वाळतात

प्रति,
मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, सोलापूर,
आणि भवानी पेठेतील माझ्यासारख्या सर्व घरमालकांस



गड्ड्याची यात्रा उठली. होम मैदानावरचे पाळणे उतरवून ट्रकमध्ये भरले गेले आणि आमच्या पेठेतल्या बोळांत शेकोट्यांची राख तेवढी उरली. सोलापुरात हिवाळा आणि उन्हाळा यांच्या मधे जेमतेम पाच-सहा आठवडे मिळतात. संक्रांतीच्या सुमारास यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला जाताना अंगावर शाल लागते. महाशिवरात्र सरली की ऊन मी म्हणू लागते. हे पत्र मी मुद्दाम या मधल्या दिवसांत लिहिते आहे. मला जे मागायचे आहे ते होळीच्या आत करता येते. होळीनंतर पत्र्याला हात लावता येत नाही.

मागणे आधीच सांगून टाकते. जिचे भाडे घेतले जाते ती प्रत्येक खोली मे महिन्यातल्या दुपारी आणि जानेवारीतल्या पहाटे माणसाला राहण्याजोगी असली पाहिजे. ती तशी ठेवण्याची जबाबदारी भाडे घेणाऱ्याची आहे, आणि त्या भाड्यावर कर घेणाऱ्याचीही आहे.

आमची पेठ आपण पाहिली असेल. नसेल तर तुळजापूर वेशीकडून आत शिरा. घोंगडे वस्ती, मड्डी वस्ती या भागांतून चाला आणि मान वर करून घरे बघा. खालचा मजला स्लॅबचा, त्यात मालक राहतो. स्लॅबवर चार भिंती उभ्या करून वर पत्रा टाकलेला, त्यात भाडेकरू. कुठे अशा दोन खोल्या, कुठे पाच. एका कोपऱ्यात मोरी, जिन्याखाली सगळ्यांचा मिळून एक संडास. वरच्या खोलीमुळे मालकाच्या स्लॅबवर ऊन पडत नाही, म्हणून त्याचे घर थंड राहते. भाडेकरू भाडे देतो आणि वर मालकाच्या छपराची सावलीही होतो. ही व्यवस्था कोणी कट करून केलेली नाही. पोराच्या लग्नाआधी, मिल बंद पडल्यावर, पेन्शनचा आधार म्हणून एकेक खोली वर चढत गेली. पण आज ती अशी आहे आणि तिच्यात हजारो माणसे राहतात.

दर उन्हाळ्यात प्रशासनाचे आवाहन येते: दुपारी १२ ते ४ घराबाहेर पडू नका, घरातच थांबा, भरपूर पाणी प्या. वर्तमानपत्रात येते, रिक्षावरच्या भोंग्यातूनही ऐकू येते. ही सूचना चुकीची नाही. पण ती ज्याच्या घराला स्लॅब आहे त्याच्यासाठी लिहिलेली आहे. आमच्या बोळात नेमकी त्याच वेळी माणसे घराबाहेर पडतात. म्हाताऱ्या बायका लिंबाच्या झाडाखाली पोते अंथरून बसतात, लेकुरवाळ्या देवळाच्या ओट्यावर, शाळेला सुट्टी लागलेली पोरे जिन्याच्या पायऱ्यांवर. घरात थांबा म्हणणाऱ्याने ते घर दुपारी दोन वाजता एकदा आतून पाहिले पाहिजे. मीही पाहिले नव्हते.

मी घरमालकीण आहे. माझ्या गच्चीवर पत्र्याची एक खोली आहे. तिच्यात यंत्रमागावर काम करणारा एक तरुण, त्याची बायको आणि त्यांचे मूल राहतात. मागे एका एप्रिलमध्ये मी कुरडया घातल्या होत्या. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून त्या खोलीचा पत्रा हाताशी येतो. तो तापतो चांगला, म्हणून दर वर्षीप्रमाणे त्यावर जुने धोतर अंथरले, चार कोपऱ्यांना दगड ठेवले आणि कुरडया पसरल्या. दुपारी उलटायला गेले तर एका बाजूने खणखणीत वाळल्या होत्या. हात भाजत होता. तेवढ्यात आतून मुलाचे रडणे ऐकू आले म्हणून डोकावले. त्या तरुणाची बायको, मुलगीच ती, मोरीत बसली होती. मोरीच्या ओल्या फरशीवर बसून तिने बाळाला परातीतल्या पाण्यात धरले होते. खोलीत पंखा होता, पण बंद. शेजारी सुपात तंबाखू आणि ओल्या फडक्यात तेंदूची कापलेली पाने. पंखा लावला की तंबाखू उडतो, पाने सुकून तडकतात, आणि तडकलेल्या पानांची विडी कारखान्यात बाद होते. हजार विड्यांची मजुरी मिळवायची तर पंखा बंद ठेवावा लागतो.

मी कुरडया गोळा करून खाली आले. त्या वर्षीच्या कुरडया मला तळवल्या नाहीत.

मला जास्त लागले ते याचे, की मी स्वतः अशाच खोलीत वाढले. वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. आम्ही याच पेठेत एका वाड्याच्या माडीवर पत्र्याखाली भाड्याने राहायचो. उन्हाळ्याची आठवण आहेच, पण माझ्या अंगात मुरलेली आहे ती थंडी. सोलापूर म्हटले की लोकांना ऊन आठवते. इथे थंडी वाजते हे सोलापूरबाहेर सांगितले तर खरे वाटत नाही. पण उघड्या आभाळाच्या रात्री पत्रा हवेपेक्षाही गार होतो. खोलीत झोपलेल्या सहा माणसांच्या श्वासांची वाफ त्याला लागते आणि पहाटे तिचे थेंब होऊन गळतात. पाऊस नसताना छप्पर गळायचे. आईने पत्र्याखाली जुन्या लुगड्याचे छत बांधले होते. ते पहाटेपर्यंत ओले होऊन पोटासारखे खाली यायचे आणि त्याला कोणी हात लावायचा नाही असा आमच्या घरात नियम होता. रात्रपाळी करून आलेले वडील कोरडा कोपरा शोधून झोपायचे. अंगावर याच गावात विणलेली चादर असायची, भारतभर जिचे नाव आहे ती. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर अंगाला ऊब देते. छताचे काम ती करू शकत नाही.

हे सगळे सोसून वर आलेली बाई स्वतः मालकीण झाली तेव्हा तिने गच्चीवर पुन्हा पत्राच टाकला. गवंड्याने विचारलेसुद्धा नाही, मी सांगितलेसुद्धा नाही. भाड्याची खोली म्हणजे पत्रा, हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात इतके बसले आहे.

आपल्या आधीच्या लोकांनी असे घर बांधले नसते. या भागात माळवदाची घरे होती. लाकडी सरे आणि फळ्यांवर हातभर पांढऱ्या मातीचा थर, जाड भिंती, उजेडाला छतात झरोका. माती दिवसभराचे ऊन हळूहळू पिते आणि ते आत पोचेपर्यंत रात्र होते. म्हणून माळवदाखाली दुपार सुसह्य आणि थंडीतली रात्र ऊबदार. माळवदाची निगा मोठी, पावसाळ्याआधी माती टाकून चोपावी लागे. माती आणायला जागा राहिली नाही, सरे महागले, आणि पत्रा स्वस्त, हलका, एका दिवसात बसणारा. पत्र्याची जाडी मिलिमीटरच्या आतली. उन्हाला तो अडवत नाही, तापून स्वतःच खाली आग ओततो. सूर्य बुडाला की तितक्याच झपाट्याने गार होतो. माळवद सोडले याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. पण माळवद जे काम करत होते ते काम सोडून दिले, आणि त्याची किंमत भाडेकरूने द्यायची ठरली, हे कोणालाही न विचारता झाले.

आता मोजमापाबद्दल. भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येप्रमाणे मैदानी भागात कमाल तापमान ४० अंश किंवा त्याहून जास्त आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक असले, किंवा पारा थेट ४५ ला गेला, तर उष्णतेची लाट समजली जाते. सोलापुरात मे महिन्यात चाळिशी ही सरासरीच आहे. म्हणजे ४२-४३ अंशांचा दिवस आमच्यासाठी लाट ठरत नाही; तो नेहमीचा दिवस. शिवाय हे तापमान मोजतात ते जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या, हवा खेळती असलेल्या पेटीत, सावलीत. हवामानशास्त्राला तसेच मोजावे लागते, तक्रार नाही. पण त्या पेटीला जी सावली आणि जी हवा मिळते ती आमच्या बोळातल्या बाळाला मिळत नाही, आणि त्याच्या खोलीत तापमापक कोणी लावलेला नाही. रात्रीचा प्रश्न तर याहून अवघड. दिवसभर शोषलेली उष्णता भिंती रात्री सोडतात, बोळ इतका अरुंद की वारा फिरकत नाही, आणि माणसाला सलग तिसऱ्या रात्री झोप मिळाली नाही की त्याचे शरीर हार मानायला लागते. यंत्रमागावर दिवसाची पाळी करायला निघालेला माणूस आधीच थकलेला असतो. उष्माघाताची नोंद होते ती कोसळलेल्या माणसाची. झिजलेल्या माणसाची नोंद होत नाही.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर जाहीर कार्यक्रमात १४ माणसे उन्हाने गेली, तेव्हा राज्य सरकारने भर दुपारच्या उघड्यावरच्या कार्यक्रमांना तातडीने मनाई केली. मैदानावरचे मरण सगळ्यांनी पाहिले म्हणून आदेश निघाला. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, हे नंतर अभ्यासकांनी मृत्यूच्या नोंदी मांडल्या तेव्हा कळले. त्यातून २०१३ साली त्या महापालिकेने देशातली पहिली उष्णता कृती योजना केली आणि पुढे गरिबांच्या वस्त्यांमधली छपरे पांढरी करायला घेतली. आकडे मांडले म्हणून काम सुरू झाले. आयुक्त महोदय, आपल्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात गेल्या वीस वर्षांची एप्रिल-मेची पाने आहेत. ती पेठवार मांडून बघायला सांगा. डिसेंबर-जानेवारीचीही मांडा, थंडीत दमेकरी आणि म्हातारी माणसे कोणत्या छपराखालून गेली हे त्यात दिसेल.

माझा एक भाचा न्यूयॉर्कला शिकायला गेला. तिथे भाड्याच्या खोलीत त्याने पहिल्याच थंडीत मला फोनवर सांगितले की इथे १ ऑक्टोबर ते ३१ मे हा कायद्याने ठरलेला ऊब देण्याचा हंगाम आहे. बाहेर पारा १३ अंशांच्या खाली गेला की दिवसा खोली किमान २० अंश, आणि रात्री बाहेर काहीही असो किमान १७ अंशांच्या आसपास ठेवणे मालकाला बंधनकारक. नाही ठेवली तर भाडेकरू शहराच्या क्रमांकावर तक्रार करतो आणि निरीक्षक तापमापक घेऊन येतो. अमेरिकेतच वाळवंटात वसलेल्या फिनिक्स शहराने हेच उन्हाळ्यासाठी केले आहे: भाड्याच्या घरातली वातानुकूलन यंत्रणा खोली २८ अंशांच्या वर जाऊ देणार नाही, कूलर असेल तर ३० अंशांच्या वर नाही, ही जबाबदारी मालकाची. आपण न्यूयॉर्क किंवा फिनिक्स नाही हे मला माहीत आहे. एसी मागण्यासाठी मी हे लिहीत नाही. या दोन्ही कायद्यांचा गाभा मला महत्त्वाचा वाटतो. त्यांनी तापमान खोलीत मोजले, आणि ते आकाशाच्या हवाली न सोडता भाडे घेणाऱ्याच्या कर्तव्यात घातले. थंडीची लाट आली की सोलापूरचा पारा पहाटे १०-१२ अंशांवर येतो. त्या पहाटे माझ्या गच्चीवरची खोली न्यूयॉर्कमध्ये भाड्याने देणे बेकायदा ठरले असते.

आपल्याकडे कायदा अगदीच नाही असे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, उलट करार नसेल तर, जागा चांगल्या आणि राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे मालकाला बंधनकारक आहे. मालकाने हयगय केली तर किमान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत खर्च भाड्यातून वळता करू शकतो. कलम २९ पाणी, वीज यांसारख्या अत्यावश्यक सेवा तोडायला मनाई करते. आता हे भवानी पेठेत आणून बघा. निम्म्याहून अधिक व्यवहार तोंडी. कागद असलाच तर ११ महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’, ज्यात राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरूच नसतो, परवानगीने राहणारा असतो. आणि जो नोटीस देईल त्याला पुढच्या महिन्यात दुसरी खोली बघावी लागेल, तीही पत्र्याचीच. हक्क पुस्तकात आहे, आणि तो वापरायचा मार्ग घर सोडण्यावरून जातो. म्हणून मी हे पत्र भाडेकरूंना जागे करण्यासाठी लिहीत नाही. ते जागेच आहेत. रात्रभर जागे असतात.

सरकारला भाडेकरू दिसत नाही, असे म्हणावे तर तेही खरे नाही. भाडेकरू ठेवला की मालकाने पोलिसांकडे माहिती द्यायची असते. कर आकारणीचा माणूस जागेवर येतो तेव्हा वरच्या खोलीत कोण राहतो हे विचारतोच, कारण त्यावर आकार ठरतो. सुरक्षेसाठी भाडेकरू दिसतो, करासाठी दिसतो. उन्हाच्या आणि थंडीच्या वेळीच तो कोणत्या रजिस्टरमध्ये सापडत नाही.

इथे मला आयुक्तांचे लक्ष एका तरतुदीकडे वेधायचे आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कर आकारणी नियमांत असे आहे की इमारतीचे करयोग्य मूल्य ठरवताना वार्षिक भाड्यातून दहा टक्के रक्कम वजा करायची, आणि ही वजावट दुरुस्तीसह सगळ्या सवलतींच्या बदल्यात समजायची. म्हणजे भाड्याच्या दर शंभर रुपयांतले दहा रुपये, मालक दुरुस्ती करत असेल असे धरून, आधीच करातून सोडलेले असतात. माझ्यासारख्या प्रत्येक मालकाला ही सूट मिळते. मी तेवढी दुरुस्ती केली का, हे मला आजवर कोणी विचारलेले नाही. वजावट काढून घ्या असे मी म्हणत नाही, तो कायदा आपल्या एकट्याच्या हातात नाही. पण ज्या दुरुस्तीपोटी सूट आहे ती बघायला या. आकारणीच्या फेरतपासणीत भिंत मोजता, तसेच छप्परही पाहा: पत्रा उघडा आहे की खाली छत आहे, समोरासमोर हवा जाईल अशी दोन तोंडे आहेत की नाहीत. एवढी एक ओळ त्या फॉर्मात वाढली तर शहरातल्या भाड्याच्या पत्र्याच्या खोल्यांची पहिली यादी आपल्या हाती येईल. आणि ज्याने छत केले त्याला मालमत्ता करात वेगळी सवलत द्या. पुण्यासारख्या महापालिका सौर बंब आणि पर्जन्यजल संधारणाला अशी सवलत देतात; सोलापूरने छपराला द्यावी.

काय करायचे हेही स्पष्ट हवे, नाहीतर चुन्याच्या बादल्या वाटून काम झाले असे होईल. पांढरा चुना स्लॅबवर चांगला लागतो. गुळगुळीत पत्र्यावर तो पहिल्या पावसात वाहून जातो. तिथे ऊन परतवणारा पांढरा रंगच लागतो. अशा रंगाने खोली दोन ते पाच अंशांनी उतरते असा अहमदाबादसारख्या ठिकाणचा अनुभव आहे, आणि ती गोष्ट लहान नाही. पण रंग फक्त उन्हाळ्याचे औषध आहे. जानेवारीत तो काहीच करत नाही, उलट सकाळचे कोवळे ऊनही परत पाठवतो. दोन्ही ऋतूंना उपयोगी पडते ते पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून केलेले दुसरे छत, बांबूच्या तट्ट्याचे, प्लायचे, जिप्समचे, ज्याला जे परवडेल ते. मधल्या पोकळीला दोन्ही टोकांना जाळी ठेवायची म्हणजे तापलेली हवा निघून जाते. थंडीत पत्रा कितीही गारठला तरी माणसाचा श्वास त्याला लागत नाही, आणि पहाटेचे गळणे थांबते. थर्माकोल मात्र कोणी लावू नये. पत्र्याखालून विजेच्या उघड्या वायरी गेलेल्या असतात आणि थर्माकोल भडकतो.

पांढरे छप्पर ही परकी गोष्ट आहे असे कोणाला वाटत असेल तर शेजारी बघा. तेलंगणाने एप्रिल २०२३ मध्ये पाच वर्षांचे शीतल छप्पर धोरण जाहीर केले. सरकारी आणि व्यापारी इमारतींना ते सक्तीचे केले, घरांपैकी ६०० चौरस यार्डांपासून पुढच्या भूखंडांनाही. छोट्या घरांना ते ऐच्छिक ठेवले, आणि माझ्या मते तिथेच ते अर्धे राहिले, कारण ऊन छोट्या घरालाच जास्त लागते. तरी त्या सरकारने छप्पर हा सरकारी विषय मानला. आमच्या पूर्व भागातले विणकर पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी त्याच तेलंगणातून आले आणि हे गाव त्यांनी उभे केले. त्यांच्या मूळ गावी जे होऊ शकते ते इथे का नको?

विजेबद्दल एकच सांगते. बऱ्याच मालकांकडे भाडेकरूला सबमीटर असतो आणि युनिटचा दर मालक ठरवतो. त्यामुळे कूलर लावायचा नाही, पाणी तापवायला कॉइल लावायची नाही. या शहराजवळच फताटेवाडीला एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा प्रकल्प उभा आहे, आणि पेठेतली बाळंतीण पहाटे गॅसवर आंघोळीचे पाणी तापवते. विद्युत अधिनियम, २००३ नुसार मालक किंवा ताबेदार, दोघांपैकी कोणीही वीजजोडणी मागू शकतो. मालकाचे ना-हरकत पत्र नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले आहे. महावितरणच्या खिडकीवर हे मराठीत मोठ्या अक्षरांत लावून घेण्याचे काम जिल्हाधिकारी एका पत्राने करू शकतात. कूलरचे मात्र एवढ्याने भागणार नाही. उजनी धरणाचे पाणी आम्हाला चार-पाच दिवसांनी येते. पिण्याच्या हंड्यातले पाणी कूलरमध्ये ओतायचे की नाही, हा प्रश्न ज्या घरात आहे तिथे छताशिवाय दुसरा उपाय नाही.

जिल्हाधिकारी साहेब, थंडीतला एक धोका आपल्या यादीत असावा. गारठा वाढला की काही घरांत कोळशाची शेगडी किंवा पेटती घमेली आत घेतात आणि बाळाला थंडी लागू नये म्हणून दार-खिडकीच्या फटी चिंध्यांनी बुजवतात. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. झोपेतला माणूस उठत नाही. डिसेंबर लागण्याआधी आशा सेविकांनी घरोघर हे सांगावे, जसे उन्हाळ्यात ओआरएस सांगतात. आणि त्याच आशा सेविकांच्या हातात यंदा तापमापक द्या. प्रत्येक प्रभागातल्या निवडक पत्र्याच्या खोल्यांत तो टांगा, दुपारी आणि पहाटे नोंद घ्या, मोबदला द्या. मे महिन्याच्या अखेरीस या शहराकडे खोलीतल्या तापमानाचे स्वतःचे आकडे असतील. तोवर महापालिकेच्या शाळा सुट्टीत कुलूपबंद ठेवू नका. दगडी आणि स्लॅबच्या त्या इमारती पेठांच्या मध्यभागी आहेत. दुपारी त्यांचे दोन वर्ग पंखा आणि पिण्याच्या पाण्यासह उघडले तर विडी वळणाऱ्या बायका सूप घेऊन तिथे बसतील.

या शहराला गरिबांच्या घराचे भान नाही असे मी म्हणणार नाही. विडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षे लढून शहराबाहेर कुंभारीला हजारो घरे मिळवली. १९ जानेवारी २०२४ रोजी तिथल्याच रे नगरातल्या १५,००० घरांच्या चाव्या पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. त्या बायकांना माझा नमस्कार. पण या योजना स्वतःच्या घराच्या आहेत. ज्याला ते मिळेपर्यंत दहा वर्षे भाड्याने काढायची आहेत, किंवा ज्याला पेठ सोडून इतक्या लांब जाता येत नाही कारण माग इथे आहे आणि म्हातारी आई इथे आहे, त्याच्या वाट्याला यातले काही येत नाही. पत्रा बदलायचा अधिकार त्याला नाही आणि बदलायची गरज मालकाला नाही. या दोघांच्या मधे महापालिकेने उभे राहायचे आहे.

आता माझ्या बरोबरीच्या मालकांना. तुमच्यातल्या अनेकांची स्थिती मी जाणते. भाड्यावरच दोघा म्हाताऱ्यांचे औषधपाणी चालते, भाडेकरू दोन-दोन महिने थकवतो, कर वाढतो. हे सगळे खरे आहे. तरीही आपण छप्पर देतो म्हणून भाडे घेतो, आणि ज्याच्याखाली दुपारी बसवत नाही, पहाटे झोपवत नाही, ते छप्पर नव्हे. जिन्याने एकदा दुपारी दोनला वर जा. भाडे मागायला जाऊ नका. नुसते दहा मिनिटे बसा. मग डिसेंबरात पहाटे पाचला जा. मी गेले होते. खाली आल्यावर मी माझ्या खोलीला तट्ट्याचे छत करून घेतले, पत्र्याला पांढरा रंग दिला आणि मागच्या भिंतीत हाताच्या उंचीवर जाळीची खिडकी काढली. त्यापायी भाडे वाढवले नाही. खोली गार झाली असे मी म्हणणार नाही. तिच्यात बसवते, एवढे म्हणते. गेल्या हिवाळ्यात पत्र्याखालचे थेंब पडले नाहीत. बाळ आता चालते.

आयुक्त महोदय, ६ एप्रिल १९३० रोजी या गावच्या नगरपालिकेने इंग्रजांच्या राज्यात आपल्या इमारतीवर तिरंगा लावला होता. त्या नगरपालिकेचे वारस आपण आहात. ज्या कामासाठी मी लिहिते आहे त्याला तसे धाडस लागत नाही; फॉर्मात एक ओळ, आशांच्या हातात तापमापक, करात थोडी सवलत आणि होळीच्या आतला आदेश लागतो. पाहणी सुरू करायची तर माझ्या घरापासून करा. मालमत्ता क्रमांक आपल्याच दप्तरात आहे. वरच्या खोलीतल्या मुलीला मी विचारून ठेवले आहे, आणि ती म्हणाली आहे, या, पण दुपारी दोन वाजता या.

आपली,
भवानी पेठेतील एक घरमालकीण, पूर्वीची भाडेकरू